डबा तपासू नका, वाल सोलायला द्या

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार.

आम्ही कळव्याला, खारेगावात राहतो. माझं माहेर साताऱ्याकडचं, सासर इथलंच, आगरी. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. मुलगा चौथीत आहे, स्टेट बोर्डाच्या एका खासगी इंग्रजी शाळेत. शाळा सुरू होऊन महिना होत नाही तोवर दोन गोष्टी घडल्या.

पहिली डब्याची. सासूबाईंनी त्याला तांदळाची भाकरी आणि कांद्यावर परतलेली सुकट दिली होती, त्याच्या आवडीची. मधल्या सुट्टीत डबा उघडला आणि आजूबाजूची मुलं नाक धरून उठली. बाईंनी डायरीत लिहून पाठवलं, ‘प्लीज सेंड प्रॉपर टिफिन.’ तेव्हापासून त्याला रोज ब्रेड-जॅम नाहीतर नूडल्स हवेत. ‘आजीच्या हातचं नको,’ असं तो जेवताना म्हणाला. सासूबाई काही बोलल्या नाहीत. ताट उचलून आत गेल्या.

दुसरी त्याच आठवड्यातली. शाळेच्या हॉलमध्ये ‘न्यूट्रिशन डे’ झाला. एका कंपनीचे लोक आले, पडद्यावर चित्रं दाखवली आणि प्रत्येक मुलाच्या हातात चॉकलेटी पावडरचं पाकीट ठेवलं. मुलगा घरी येऊन म्हणाला, ‘हे प्यायलं की उंची वाढते.’

मला राहवलं नाही. रात्री बसून बारा पानांची फाइल केली, त्यात जीवनसत्त्वांचे तक्ते, प्रथिनांचे आकडे सगळं घातलं, आणि मुख्याध्यापिकांना भेटून आठवड्यातून एक तास आहारशिक्षणाला द्या म्हटलं. त्या चांगलं बोलल्या, पण ‘पोर्शन पूर्ण होत नाही, पालक तक्रार करतात’ म्हणाल्या. वर्गाच्या ग्रुपवर टाकलं तर एकीने लिहिलं, ‘आम्ही मुलांना शिकायला पाठवतो, स्वयंपाक करायला नाही.’ आता मला तिथे ‘डाएटवाली मॅडम’ म्हणतात. मिस्टर म्हणतात, सोड, आपल्या पोराचं बघ.

पण ताई, माझ्या टेबलावर रोज लहान मुलांचे रिपोर्ट येतात. हिमोग्लोबिन नऊ, साडेआठ. मला सोडवत नाही. मी कुठून सुरुवात करू?

एक आई, कळवा

ताईंचं उत्तर

तुमचं पत्र वाचून मला आधी बोलावंसं वाटलं ते तुमच्या सासूबाईंशी. ताट उचलून आत गेलेल्या त्या बाईंचा विचार डोक्यातून जाईना. त्यांच्याकडे मी शेवटी येईन, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं त्यांच्याकडेच आहे.

तुम्ही सोडू नका. मिस्टरांना सांगा की आपल्या पोराचंच बघते आहे. एकट्या पोराचा डबा सुधारत नसतो. तो शेजारच्या बाकावरच्या डब्याकडे बघून बिघडतो आणि तसाच सुधारतो. तेव्हा काम वर्गातच करायला हवं.

मात्र ती फाइल कपाटात ठेवा. त्यात चूक काहीच नसणार, तुम्ही लॅबमधल्या माणूस आहात. पण अ जीवनसत्त्व डोळ्यांना चांगलं हे आपण सगळेच पाठ करून मोठे झालो, आणि ते पाठ असूनही गाजर ताटात तसंच ठेवून उठलो. मूल माहितीने खात नाही, ओळखीने खातं. नवी चव लहान मुलाच्या जिभेला पटायला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही ती थोडी थोडी समोर यावी लागते, असं मुलांच्या खाण्यावरच्या अभ्यासातून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. आणि ‘संपव, नाहीतर उठायचं नाही’ असा जोर केला की तो पदार्थ आणखी लांब जातो. घरात आपण दोनदा करून बघतो आणि ‘हा खातच नाही’ म्हणून हात टेकतो. तुमची फाइल मुलाला अन्नाबद्दल सांगते. त्याला अन्नापाशी न्यायचं काम राहतं, आणि त्याला आठवड्याचा तास लागत नाही.

आता डब्याबद्दल. इथे मला माझी एक गोष्ट सांगावी लागेल, कारण तुमच्या मुलाच्या बाईंच्या जागी मी स्वतः होते.

मी सत्तावीस वर्षं ठाण्यातल्या एका शाळेत प्राथमिकला शिकवलं. सुरुवातीच्या वर्षांत मला वाटायचं, मुलांना चांगलं खायची सवय लावायची तर डबे तपासायला हवेत. वर्गात एक तक्ता लावला होता. पोळी-भाजी आणली की नावापुढे हिरवी टिकली, फरसाण-बिस्किटं आणली की लाल. पालकांना कौतुक, मुख्याध्यापकांना कौतुक. त्या वर्गात एक मुलगी होती, खिडकीजवळच्या रांगेत. ती डब्याचं झाकण अर्धंच उघडायची आणि त्यावर डावा हात आडवा धरून, भिंतीकडे तोंड करून भराभर खायची. मी एक दिवस जवळ जाऊन हात बाजूला केला. आत आदल्या रात्रीचा भात होता आणि कडेला लसणाची चटणी. मी लाल टिकली लावली. दुसऱ्या दिवसापासून तिने डबा आणला नाही. विचारलं की म्हणायची, ‘भूक नाही बाई.’ पुढे पालकसभेला तिची आई आली तेव्हा कळलं, की ती पहाटे साडेपाचला घर सोडते आणि नौपाड्यात चार घरी पोळ्या करते. माझ्या वर्गातल्या एकदोन हिरव्या टिकल्या तिच्याच हातच्या असतील. मी तक्ता काढून टाकला. पण ती मुलगी मार्चपर्यंत माझ्या वर्गात होती आणि तिने माझ्यासमोर पुन्हा डबा उघडला नाही.

म्हणून ‘प्रॉपर टिफिन’ या दोन शब्दांचा मला इतका राग आला. आणि म्हणूनच, तुमच्या मुलाच्या बाई वाईट नाहीत असंही मी खात्रीने म्हणू शकते. चाळीस मुलांचा गोंगाट, पंधरा मिनिटांची सुट्टी, त्यात एकाने ‘ई, वास’ म्हटलं की सगळा वर्ग उठतो. त्यांनी सोपा मार्ग काढला. तुम्ही त्यांना डायरीतून उत्तर देऊ नका, ग्रुपवर तर नाहीच नाही. शाळा सुटताना पाच मिनिटं भेटा आणि घरी काय झालं ते जसंच्या तसं सांगा, आजी ताट उचलून आत गेल्या इथपर्यंत. त्यांच्याही घरी कुणी आजी असेल. मग विचारा, डब्यात काय आणायचं नाही असा शाळेचा काही लेखी नियम आहे का? असला तर तो सगळ्या पालकांना जूनमध्येच कळायला हवा, आणि त्यावर पालकसभेत बोलताही येतं. नसला तर मूल घरचं अन्न आणेल आणि त्याला कुणी नाक मुरडणार नाही, एवढं बघणं बाईंचं काम आहे. वासाने खरोखर कुणाला मळमळत असेल तर बसायच्या जागा बदलता येतात. लाज वाटायला लावून वास जात नाही.

सुकटीचं म्हणाल तर तिच्यात प्रथिनं भरपूर, आणि जवळा सालासकट अख्खाच खाल्ला जातो म्हणून कॅल्शियमही. खारट असते हे खरं, धुऊन घेतली की बरंच मीठ जातं. ब्रेड-जॅमशी तिची तुलना करायलाही मला संकोच वाटतो. तरीही मुलाला आत्ता सुकट नेण्याची सक्ती करू नका. तो नऊ वर्षांचा आहे, आगरी समाजाचा अभिमान त्याच्या डब्यातून लढवायची जबाबदारी त्याच्यावर नको. घरी मात्र सुकट होत राहू दे, तुम्ही सगळे आवडीने खात राहा.

त्या चॉकलेटी पावडरीचा विषय मात्र वेगळा आहे आणि तिथे मऊ राहायचं कारण नाही. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा बघणाऱ्या केंद्रीय संस्थेने शाळेतल्या मुलांच्या अन्नासाठी २०२० मध्ये नियम काढले, ते १ जुलै २०२१ पासून लागू आहेत. त्यानुसार जास्त चरबी, मीठ किंवा साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत मुलांना विकायचे नाहीत. असे पदार्थ बनवणाऱ्यांनी तिथे त्यांची जाहिरात करायची नाही आणि फुकट वाटायचेही नाहीत. हे पाकीट अशा पदार्थांत मोडतं का, ते लेबलच सांगेल. घटकपदार्थ जास्त प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे लिहायचे असतात, त्यामुळे साखर यादीत कितव्या क्रमांकावर आहे ते आधी बघा, मग १०० ग्रॅममागे साखर किती ते बघा. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरातून काढायला सांगितलं होतं, कारण अन्नसुरक्षा कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ अशी व्याख्याच नाही. हे सगळं एका पानावर, सौम्य भाषेत, पाकिटाच्या मागच्या बाजूच्या फोटोसकट मुख्याध्यापिकांना द्या आणि पोच घ्या. मागणी एकच ठेवा: यापुढे कुठलीही कंपनी मुलांसमोर उभी राहणार असेल तर पालकांना आधी कळवावं.

एक सांगून ठेवते. या ५० मीटरच्या नियमाचा पहिला वार फाटकाबाहेरच्या भेळवाल्यावर किंवा चिंचा-बोरं विकणाऱ्या मावशींवर होऊ देऊ नका. कोट घालून हॉलमध्ये आलेल्याला माइक आणि टोपलीवाल्या बाईला हुसकावणं, असं बऱ्याच ठिकाणी होतं. त्या टोपलीतली बोरं, आवळे, करवंदं मुलांनी खायलाच हवीत. धुऊन, झाकून ठेवायला सांगा, बस.

आता मुख्याध्यापिका. तुम्ही तास मागितलात, तिथे गाडी अडली. वेळापत्रकातला तास म्हणजे कुणाचा तरी काढून घ्यावा लागतो, आणि शाळेत त्यावरून काय काय होतं ते मी पाहिलं आहे. तुम्ही नवीन काही मागूच नका. परिसर अभ्यासात अन्न, आहार, पाणी हे सगळं आहेच, तो धडा बाईंना घ्यावाच लागणार आहे. पुन्हा जा आणि म्हणा, ‘मॅडम, तो धडा ज्या दिवशी असेल त्या दिवशी मी आणि माझ्या सासूबाई अर्धा तास वर्गात येतो. गॅस नाही, सुरी नाही, शाळेला खर्च नाही.’ एवढ्याला सहसा कुणी नाही म्हणत नाही. त्यांना आधार हवा असेल तर २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना शाळेची कल्पना आहे, मुलांनी स्थानिक कारागिरांकडून, कामकऱ्यांकडून शिकावं म्हणून. चौथीला ते लागू नाही, पण शाळेला वरच्या वर्गांसाठी काहीतरी शोधायचं असेलच.

त्या अर्ध्या तासात काय करायचं? वाल सोलायचे.

मी हे करून पाहिलेलं आहे म्हणून सांगते. अर्धा किलो कडवे वाल घ्या. सोमवारी रात्री भिजत घाला, मंगळवारी सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधा. पावसाळ्यात मोड यायला वेळ लागतो आणि चिकटही होतात, म्हणून सकाळ-संध्याकाळ एकदा पाण्यातून काढा. गुरुवारी सकाळी कोमट पाण्यात टाकून शाळेत न्या. मुलांना खाली गोल बसवा, मधे परात, प्रत्येकाच्या पुढ्यात दहा-बारा वाल. मधे सासूबाई. त्यांनी भाषण करायचं नाही, फक्त एक वाल चिमटीत धरून दाबून दाखवायचा. साल हातात राहते आणि डाळिंबी सुटकन निसटून पलीकडच्याच्या वहीवर जाऊन पडते. पहिली पाच मिनिटं वर्गात दंगा होईल, होऊ द्या. मग हळूहळू हात बसतात. कुणाची तरी डाळिंबी दुभंगते, कुणी मोड मोजतो, कुणी विचारतो हा जिवंत आहे का. त्या प्रश्नावर थांबा. बी उगवताना आत काय होतं हे सांगायला तुमच्याइतकं योग्य त्या खोलीत कुणी नसेल. तुमच्या फाइलमधलं एक पान तिथे कामाला येईल, एकच.

वालच का, तर ते इथलेच आहेत. पनवेल, पेण, अलिबागकडे भात निघाला की त्याच ओलीवर वाल टाकतात. तुमच्या सासूबाईंना खारेगाव बिल्डिंगांआधीचं आठवत असेल, खाडीकाठची भातखाचरं आणि मिठागरं. आगरी हे नावच आगरावरून आलेलं आहे. चौथीच्या मुलाला आपण राहतो ती सोसायटी कुणाच्या तरी शेतावर उभी आहे हे कळणं, हेही आहारशिक्षणच आहे. त्यांना त्या ओघात दोन वाक्यं सांगू द्या.

कच्चे वाल कुणी तोंडात टाकू नयेत, ते नीट शिजायलाच हवेत, हे आधीच बजावा. सोललेल्या डाळिंब्या घरी नेऊन आमसूल-गुळाचं बिरडं करा आणि शुक्रवारी डबाभर परत न्या, सोबत तांदळाच्या भाकरीचे तुकडे. आदल्या दिवशी पालकांकडून लेखी विचारून घ्या, कुणाला शेंगदाणे, तीळ, दूध, कोळंबी अशा कशाची ॲलर्जी आहे का. एकाच्या जिवाचा प्रश्न असतो, यात हयगय नको. आणि चाखायला देताना दोनच नियम. चाखायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवायचं. आणि ‘ई’ म्हणायचं नाही, त्याऐवजी चव कशी आहे ते सांगायचं. फळ्यावर शब्द लिहा: कडवट, तुरट, गुळमट, पिठूळ, खमंग, मिळमिळीत. मुलांकडे ‘यम्मी’ आणि ‘यक’ असे दोनच शब्द उरले आहेत. ज्या मुलाला ‘थोडं कडवट आहे, पण मागून गोड लागतं’ असं म्हणता येतं, ते मूल दुसरा घास घेतं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. स्वतः सोललेलं असलं की तर घेतंच.

हे एकदा झालं की बाईच तुम्हाला पुढचं विचारतील. तेव्हा हाताशी दोनचार गोष्टी असू द्या.

साखरेची एक करा. २०२५ च्या मे महिन्यात सीबीएसईने आपल्या शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितलं. त्या पत्रात असं होतं, की ४ ते १० वयाची मुलं रोजच्या कॅलरींपैकी १३ टक्के आणि ११ ते १८ ची १५ टक्के साखरेतून घेतात, आणि ते ५ टक्क्यांच्या आत हवं. तुमची शाळा स्टेट बोर्डाची, तिला ते बंधन नाही, पण कल्पना घ्यायला काय हरकत आहे? मला स्वतःला नुसत्या बोर्डाचा भरवसा नाही, आठ दिवसांनी तो भिंतीचाच रंग होतो. त्यापेक्षा मुलांना गणित घालू द्या. रंगीत थंड पेयाच्या लेबलवर १०० मिलीला साधारण १० ते ११ ग्रॅम साखर लिहिलेली असते. २०० मिलीची बाटली म्हणजे २० ग्रॅमच्या वर. सपाट चमचा ४ ग्रॅमचा धरला तर पाच चमचे. एका मुलाने ते पाच चमचे मोजून रिकाम्या ग्लासात टाकायचे, बाकीच्यांनी मोठ्याने मोजायचे. नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १७०० कॅलरी धरल्या तर त्याचे ५ टक्के ८५, म्हणजे २१ ग्रॅम. एका बाटलीत दिवस संपला. मग त्याच मुलांना घरच्या चहाचे, सरबताचे चमचेही मोजायला सांगा, नाहीतर सगळा दोष दुकानावर जातो आणि आपण सुटतो.

हिमोग्लोबिनचं तुम्हीच जास्त जाणता. पाच ते अकरा वर्षांच्या मुलांत ११.५ च्या खाली म्हणजे रक्तक्षय, आणि तुमच्यासमोर साडेआठ येतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के रक्तक्षयी निघाल्या. चौथीतल्या मुली पाच-सहा वर्षांत तिथेच पोचणार आहेत. त्यांना लोहाचा तक्ता नको, लिंबू द्या. पोह्यांवर, उसळीवर, वरणभातावर लिंबू पिळलं की त्यातलं लोह अंगी जास्त लागतं आणि जेवणाबरोबर चहा घेतला की कमी, हे एवढं जरी वर्गातून घरोघर गेलं तरी मोठं काम झालं. याला कुणाला महिन्याचं बजेट बदलावं लागत नाही.

आणि पावसाळा आहे तोवर भाजीबाजार. येऊरच्या पाड्यांवरच्या बायका टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोली घेऊन ठाण्यात येतात. दहा मुलं आणि दोन पालक एवढ्यांनी शनिवारी सकाळी जांभळी नाक्याला जायचं, एका मावशींकडून एकच भाजी घ्यायची आणि ती कशी करायची ते त्यांच्याच तोंडून ऐकायचं. शेवळं दिसली तर ती बघायची, पण मुलांच्या प्रयोगाला घ्यायची नाहीत. काकडं ही आंबट रानफळं नाहीतर चिंच घालून नीट केली नाहीत तर घसा खाजतो, ते अनुभवी हाताचं काम आहे. कंटोली बरी, काटेरी दिसतात म्हणून मुलांना आवडतात.

ग्रुपवरच्या त्या बाईंवर रागावू नका. ‘स्वयंपाक करायला नाही’ यामागे मला थकवा ऐकू येतो. अन्नाचा विषय शाळेत निघाला की तो संध्याकाळी आईच्याच अंगावर येऊन पडतो. उद्या मोड आणा, परवा पाच रंगांची कोशिंबीर आणा. ज्या बाईला सात दहाची लोकल गाठायची आहे तिने काय करायचं? तुम्ही जे कराल त्यात आईला गृहपाठ नसेल हे ग्रुपवर स्पष्ट लिहा. जे करायचं ते मुलं वर्गात करतील, मुलगे आणि मुली दोघं. आणि वालाच्या दिवशी मदतीला एका वडिलांना बोलवा. मिस्टरांनाच न्या. परात उचलायला कुणीतरी लागेलच.

आणखी एक, आणि हे लगेच करा. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे शाळा सुरू झाल्यापासून ३० दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन व्हायला हवा, आणि कार्यकारी समितीवरचे पालक चिठ्ठ्या टाकून निवडतात. लोक याला फक्त फीचं प्रकरण समजतात. नाव द्या. चिठ्ठी निघाली तर कँटीन, बाहेरचे कार्यक्रम, डब्याचे नियम यांवर बोलायला हक्काची खुर्ची मिळेल. नाही निघाली तर जिची निघेल तिला चहाला बोलवा.

तुमच्या घराजवळ महापालिकेची शाळा असेल. तिथल्या मुलांना शालेय पोषण आहार मिळतो. पहिली ते पाचवीला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० आणि २० ग्रॅम, असं त्याचं माप ठरलेलं आहे. खासगी शाळेतले पालक त्या खिचडीकडे गरिबांचं म्हणून बघतात. मला वाटतं, सगळ्या वर्गाने एकत्र बसून एकच ताजं अन्न खायचं ही श्रीमंती आपल्या मुलांकडे नाही. जपानने २००५ मध्ये आहारशिक्षणाचा कायदाच केला, आणि तिथल्या प्राथमिक शाळांत मुलं डोक्याला टोपी बांधून एकमेकांना वाढतात. जमलं तर एखाद्या शनिवारी दोन्ही शाळांची चौथी एकत्र आणा. पालिकेच्या काही शाळांत परसबागही असते, तुमच्या मुलांना तिथे शिकायला मिळेल.

दूरचं उदाहरण नको असेल तर ठाणे जिल्ह्यातलं आहे. कोसबाड आता पालघरात गेलं, २०१४ पर्यंत आपलंच होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ तिथे आदिवासी पाड्यांवर शिकवायला गेल्या तेव्हा मुलं गुरांमागे असायची, शाळेत कशी येणार? त्यांनी मुलं शाळेत आणायचा हट्ट सोडला आणि जिथे गुरं चरत होती त्या कुरणातच शाळा भरवली. बिया, दगड, पानं हेच शिकवायचं साहित्य. मला अडलं की मी त्या कुरणशाळेची आठवण काढते. तुम्हाला मुख्याध्यापिकांच्या केबिनमध्ये अडलं, ठीक आहे. वर्गातली फरशी मोकळी आहे.

आता सासूबाई. तुम्ही विचाराल तेव्हा त्या नाही म्हणतील. ‘मला कुठं इंग्रजी येतं,’ म्हणतील. त्यांना सांगा, वालाला इंग्रजी लागत नाही. मुलाला आधी विश्वासात घ्या, त्याला धक्का बसायला नको. त्याला हे सांगू नका की आजी शिकवायला येणार आहे. विचारा, ‘आजीची परात कोण धरणार?’ सोमवारी रात्री वाल भिजत घालायचं काम त्यालाच द्या, आणि मंगळवारी सकाळी फडकं कसं बांधायचं ते आजींकडून शिकून घेऊ दे. बुधवारी रात्री तो दहा वेळा फडकं उघडून बघेल, बघू दे. गुरुवारी काय झालं ते मला कळवा. शुक्रवारचं बिरडं त्याने चाखलं की नाही, तेही.